मुक्त आज्ञावली आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून विद्वान वक्त्यांची भाषणे आपण ऐकत आलो आहोत. यंदा कार्यकारी मंडळाने हा मान माझ्यासारख्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास दिला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी केवळ मॅट्रिक झालेला मनुष्य. उभा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतीत गेला. अशा माणसाने संगणकाविषयी बोलावे याचे आपणास नवल वाटत असेल, आणि ते रास्तच आहे. परंतु आजचा विषय यंत्राचा थोडा आणि शिक्षणाचा, नीतीचा व काटकसरीचा पुष्कळ आहे, एवढ्याच बळावर मी हे धाडस करीत आहे.

प्रारंभीच एक कबुली देतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथे गावकऱ्यांच्या वर्गणीतून चार संगणक आले. यंत्रे आली, पण ती ज्यांच्यावाचून चालत नाहीत त्या आज्ञावली, म्हणजे आपण ज्यांना सॉफ्टवेअर म्हणतो ती, विकत घेण्यास पैसा उरला नव्हता. तालुक्याच्या गावी एका दुकानदाराने दोनशे रुपयांत एक तबकडी करून दिली. तीत सर्व काही होते. मी स्वतः ती चारही यंत्रांत चढविली. सातवीतील एका मुलाने तबकडीवर शाईने लिहिलेले नाव पाहून विचारले, "गुरुजी, ही विकत आणली की उतरवून घेतली?" मी म्हणालो, "आपली शाळा गरीब आहे, चालायचेच." मुलगा गप्प बसला. त्याच महिन्यात शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेतील गणित उतरवून घेतल्याबद्दल मी त्याच वर्गातील एका विद्यार्थ्यास तासभर बाकावर उभे केले होते! त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. जो शिक्षक स्वतः उतरवून घेतो, त्याने मुलांस प्रामाणिकपणाचा पाठ कोणत्या तोंडाने द्यावा?

या पेचातून सुटण्याचा एक सरळ मार्ग आहे, हे मला फार उशिरा समजले. त्या मार्गाचे नाव मुक्त आज्ञावली.

तिचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक संगणकतज्ज्ञ काम करीत. तेथील छपाईयंत्रात कागद वारंवार अडके. कागद अडकताच सर्वांस सूचना मिळावी, अशी सुधारणा त्यांना करावयाची होती. परंतु त्यासाठी लागणारी आज्ञावलीची मूळ संहिता त्यांना मिळाली नाही. ज्याच्याजवळ ती होती त्याने ती कोणास न देण्याचा करार केलेला होता. यंत्र समोर आहे, दोष ठाऊक आहे, दुरुस्तीची विद्याही अंगी आहे. तरी हात बांधलेले! यातून बोध घेऊन त्यांनी १९८३ साली 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ साली त्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. पुढे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी आपण लिहिलेला प्रणालीचा गाभा जगापुढे मांडता झाला. तोच लिनक्स होय. या दोहोंच्या संयोगातून संगणक चालविणारी संपूर्ण मुक्त प्रणाली सिद्ध झाली.

मुक्त म्हणजे काय? येथे आपली मायमराठी इंग्रजीहून सरस ठरते. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त हे दोन्ही अर्थ कोंबलेले आहेत, त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. आपणाकडे दोन वेगळे शब्द आहेत. मुक्त आज्ञावली बहुधा फुकट मिळते हे खरे. पण तिचे मर्म तिच्याबरोबर मिळणाऱ्या चार स्वातंत्र्यांत आहे. ती कोणत्याही कामासाठी चालवावी. तिची रचना अभ्यासावी व आपल्या गरजेप्रमाणे बदलावी. तिच्या प्रती दुसऱ्यास द्याव्या. आणि आपण केलेली सुधारणाही सर्वांस वाटावी.

आपल्यापैकी पुष्कळांची मुळे शेतीत आहेत, म्हणून शेतीचाच दाखला देतो. आपले आजे-पणजे घरच्या ज्वारीचे टपोरे कणीस निवडून बियाणे राखून ठेवीत. ते पेरावे, पारखावे, चांगले निघाले तर शेजाऱ्यास पायलीभर द्यावे, असा रिवाज होता. दरसाल दुकानातून पुडी आणण्याची पाळी नव्हती. विकतची आज्ञावली ही पुडीतल्या बियाण्यासारखी आहे. मुक्त आज्ञावली हे घरचे बियाणे होय. ती तयारही होते ती इर्जिकीच्या रीतीने. एकाच्या शेतावर सारा गाव राबतो, उद्या दुसऱ्याच्या शेतावर. जगभरचे हजारो जाणकार, कोणी पगारावर तर कोणी हौसेने, एकच आज्ञावली मिळून सुधारीत असतात. १९८९ साली स्टॉलमन यांनी जो परवाना लिहिला, त्यात अशी अट आहे की सुधारलेली आज्ञावली जो कोणी पुढे देईल, त्याने घेणाऱ्यासही तीच स्वातंत्र्ये दिली पाहिजेत. घेतलेला वसा पुढे द्यावा, हाच त्याचा भावार्थ.

हे सर्व शाळेत चालेल काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच देशातील केरळ राज्याने दिले आहे. तेथील शिक्षण खात्याने २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प आरंभिला. आरंभी तेथेही विकतच्याच प्रणालीचा पाठ होता. परंतु सरकारी पाठ्यक्रमाने मुलांस एकाच कंपनीच्या मालाची सवय का लावावी, असा प्रश्न तेथील शिक्षकांनीच उपस्थित केला. पुढील काही वर्षांत शाळा मुक्त प्रणालीकडे वळल्या. शालान्त परीक्षेतील संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षाही तिच्यावरच होऊ लागली. प्रशिक्षित शिक्षकांनी आपल्या पाठ्यपुस्तकांना अनुरूप अशी प्रणाली स्वतः जुळवून घेतली. तीत भूमितीच्या आकृत्या काढण्यासाठी जिओजेब्रा आहे, लहानग्यांसाठी जीकॉम्प्री आहे, लेखन-हिशेबासाठी लिबरऑफिस आहे. २०१७ साली या प्रकल्पास 'काइट' या नावाने सरकारी कंपनीचे रूप मिळाले आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' या नावाने विद्यार्थ्यांची मंडळे शाळाशाळांतून काम करू लागली. दोन लाखांहून अधिक संगणकांवर मुक्त प्रणाली घातल्याने सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील, असा अंदाज त्या संस्थेने २०१९ साली सांगितला होता. आकडा बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट मोलाची उरते. ती ही की, तेथील शिक्षक गिऱ्हाईक न राहता कर्ता झाला.

आपल्या महाराष्ट्रातही हे वारे आलेच नाही असे नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील चिमुकल्या शाळेत 'दर मुलामागे एक संगणक' या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला, तोही मुक्त प्रणालीवरच. आणि पवई येथील आय.आय.टी. मुंबईने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाची बोलक्या धड्यांची जी माला सिद्ध केली आहे, तिच्यातील अनेक धडे मराठीत ऐकावयास मिळतात. धडा दहा मिनिटांच्या आसपासचा, भाषा सोपी, मूल्य काही नाही. लिबरऑफिसचे कित्येक धडे मी या वयात त्यांवरूनच गिरविले.

मराठीचा विषय निघाला म्हणून आपल्या घरचेच एक उदाहरण देतो. आपल्या स्मरणिकेचे काही जुने अंक संगणकावर जुळविलेले आहेत. त्यांतील वंशावळी व दिवंगतांची चरित्रे पुन्हा छापावी असा विचार दोन वर्षांपूर्वी निघाला. मूळ तबकड्या सापडल्या, उघडल्याही. पण पडद्यावर दिसली ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी. तो मजकूर ज्या खाजगी अक्षरसंचात जुळविला होता तो आता कोणाजवळच नाही. आपल्याच पूर्वजांची नावे आपणास वाचता येईनात! अखेर छापील अंक पुढे ठेवून दोन भगिनींनी सर्व मजकूर पुन्हा टंकलिखित केला. युनिकोड ही सर्वांस खुली असलेली अक्षरसंकेतांची पद्धत वापरली असती, तर ही आपत्ती आली नसती. आज मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेले मुक्ता व बलू यांसारखे सुबक देवनागरी अक्षरसंच मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत. ज्ञानेश्वरमहाराजांनी १२९० साली गीतार्थ मराठीत आणला, तो सर्वांस खुला व्हावा म्हणून. तीच मराठी आपण कुलपात ठेवावी, हे बरे नव्हे.

आता आक्षेपांचा विचार करू. एकच बाजू मांडणे शिक्षकास शोभत नाही.

पहिला आक्षेप असा की, कचेऱ्यांत विकतच्या आज्ञावली चालतात, तर मुलांनी दुसरे शिकून नोकरी कशी मिळवावी? यात तथ्य आहे. हिशेबाच्या नोकरीसाठी टॅली शिकावी लागते, ती जरूर शिकावी. परंतु सातवी-आठवीच्या मुलास आपण एका कंपनीची बटणे शिकवावी, की पत्राची मांडणी, कोष्टकाचे गणित आणि विचारांचा क्रम शिकवावा? जो एका पेटीवर सारेगम शिकला, तो दुसऱ्या पेटीवर अडत नाही.

दुसरा आक्षेप दुरुस्तीचा. बिघाड झाला तर कोणास बोलवावे? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. जर्मनीतील म्युनिक शहराच्या नगरपालिकेने आपल्या हजारो संगणकांवर मुक्त प्रणाली बसविली; पण २०१७ साली तिने परत फिरण्याचा ठराव केला. अशा कामात सवय, प्रशिक्षण आणि वरिष्ठांचा पाठिंबा यांपैकी एकही ढिला पडला, तर गाडी घसरते. मुक्त आज्ञावली फुकट मिळते, पण ती शिकण्याचे कष्ट फुकट मिळत नाहीत. केरळने आधी शिक्षक तयार केला, हे त्याच्या यशाचे रहस्य आहे.

तिसरा आक्षेप सवयीचा. त्याविषयी एवढेच म्हणतो की, पासष्टाव्या वर्षी मला जे जमले ते आपणास न जमण्याचे कारण नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या विद्यार्थी वसतिगृहात देणगीदारांच्या औदार्याने मिळालेले बारा संगणक आहेत. ज्या विकतच्या प्रणालीवर ते चालत तिची देखभाल तिच्या कंपनीने आता थांबविली आहे, आणि नवी प्रणाली त्या यंत्रांस पेलत नाही. म्हणून ती मोडीत काढून नवी घ्यावी, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. सूचना सद्हेतूने आली आहे यात शंका नाही. पण हा पैसा येणार कोठून? शिष्यवृत्ती निधीतून. म्हणजे यंत्रे नवी होतील आणि चार-पाच गरजू मुलांमुलींची वर्षाची फी मागे पडेल.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, चिटणीसांच्या परवानगीने, वसतिगृहातील दोन विद्यार्थी व मी अशा तिघांनी एक प्रयोग केला. चारशे रुपयांचा एक पेनड्राइव्ह आणला, त्यावर हलकीशी मुक्त प्रणाली घेतली आणि एकेक यंत्र पुसून तीवर ती चढविली. पहिल्या यंत्रास दोन दिवस लागले, कारण आम्ही चुकत होतो. शेवटच्यास तासभर पुरला. बारांपैकी आठ यंत्रे उत्तम चालू लागली. दोन धडपडत चालतात. दोन मात्र खरोखरच निकामी आहेत. छपाईयंत्र अद्याप रुसलेले आहे, हेही सांगितले पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, यात कोणाचेही काही उतरवून घेतलेले नाही.

माझी आपणास तीन प्रकारची विनंती आहे. पहिली, नव्या खरेदीचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलावा आणि शिष्यवृत्ती निधीस हात लावू नये. दुसरी, उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृहात पंधरा दिवसांचा वर्ग भरवावा. त्यात मुलांइतक्याच मुली असाव्या आणि ज्ञातीतील शिक्षक-शिक्षिकांनीही विद्यार्थी म्हणून बसावे. आपल्या तरुण अभियंत्यांनी शिकविण्यासाठी दोन-दोन दिवसांची सावड द्यावी. तिसरी, पुढील वार्षिक सभेत या प्रयोगाचा जमाखर्च, यशापयशासह, स्पष्टपणे मांडला जावा. अपयश आले तर नव्या यंत्रांच्या ठरावास मी स्वतः अनुमोदन देईन.

तो सातवीतला मुलगा आज कोठे आहे, हे मला ठाऊक नाही. तो आता तिशी उलटून गेला असेल, कदाचित त्याची मुलेही शाळेत जात असतील. त्याचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चूक होते, हे एवढ्या लोकांसमक्ष सांगण्याची संधी मंडळाने मला दिली, याचे मला समाधान आहे. गरिबी ही लबाडीची सबब होऊ शकत नाही. आणि आता तर त्या सबबीची गरजही उरलेली नाही.



जय हिंद! जय महाराष्ट्र!