हाली आणि कलदार

चलनाचा विनिमयदर म्हणजे मुंबईच्या पेढ्यांचा विषय, असे आपणांस वाटते. परंतु आपले छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद या नावाने निजामी राज्यात होते, तेव्हा शेजारच्या इंग्रजी मुलखातील मनमाडच्या बाजारास जाणाऱ्यासही तो पाठ असे. ६ कलदार रुपयांस ७ हाली! मुलास पुण्यास शिकविणाऱ्या कारकुनास ३० कलदार धाडावयाचे, तर पगारातून ३५ हाली मोजावे लागत. उलट तिकडे कापूस विकणाऱ्यास ३०० कलदारांचे ३५० हाली मिळत. सराफाचा बट्टा निराळाच! तथापि भाव बहुधा स्थिर असल्याने दोघेही आपला हिशेब आधीच बसवीत.

खरी झळ बसते ती भाव एकाएकी बदलला म्हणजे. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. निर्यात वाढावी, हा हेतू. परंतु आदल्याच वर्षी अवर्षण पडलेले. शेतीचा माल परदेशी धाडावयास होता कोठे? परदेशी कर्ज मात्र पूर्वीच काढलेले होते. १०० डॉलरांचा जो हप्ता काल ४७६ रुपयांत फिटत होता, त्यास आज ७५० रुपये मोजणे आले.