हृदयाच्या आकुंचनक्षमतेचे मोजमाप : अहवालातील आकडा कसा वाचावा?

(बेंगळुरूमधील मारतहळ्ळी येथे मराठी कुटुंबांच्या आरोग्यविषयक मेळाव्यात एका हृदयरोगतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या सभेत दोन पिढ्या शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. रिंग रोडवरील कंपन्यांत काम करणारी मुले-सुना-जावई, आणि सांगली, सातारा, सोलापूरकडून त्यांच्याकडे राहावयास आलेले आईवडील. या वडीलधाऱ्यांच्या पिशवीत बहुधा एक फाईल असते, आणि त्या फाईलमध्ये ‘टू-डी इको’चा अहवाल असतो. त्यातील एका आकड्यावर सारे घर अडून बसते. तो आकडा म्हणजे ‘इजेक्शन फ्रॅक्शन’, अर्थात ‘ईएफ’. आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

आकडा नेमका कशाचा?

हृदयाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी डावी जवनिका साऱ्या शरीराला शुद्ध रक्त पुरविते. ती पूर्ण भरली असता तिच्यात समजा १२० मिलिलीटर रक्त आहे आणि आकुंचनानंतर ५० मिलिलीटर मागे उरले, तर ७० मिलिलीटर बाहेर पडले. ७० भागिले १२०, म्हणजे सुमारे ५८ टक्के. हाच ईएफ. निरोगी हृदयही पूर्ण रिकामे होत नाही. त्यामुळे ‘डॉक्टर, शंभरपैकी साठच?’ ही चिंता अनाठायी आहे. सर्वसाधारणपणे ५५ ते ७० टक्के हे प्रमाण उत्तम मानतात. हृदयविकलतेच्या रुग्णांत ४० किंवा त्याहून कमी म्हणजे घटलेले, ४१ ते ४९ म्हणजे किंचित घटलेले, अशी विभागणी केली जाते.

आता दुसरे उदाहरण घ्या. स्नायू अशक्त होऊन जवनिका फुगली आणि तिच्यात २०० मिलिलीटर रक्त मावू लागले. बाहेर मात्र ७० मिलिलीटरच पडते. ईएफ झाला ३५ टक्के. शरीराला मिळणारे रक्त तेवढेच असल्याने माणूस घरात हिंडतो-फिरतो, ‘मला काही होत नाही’ असे म्हणतो. आजार बोलू लागण्यापूर्वी मोजमाप बोलते. या तपासणीचे मोल येथे आहे.

जहाजाच्या पोलादापासून हृदयापर्यंत

स्वीडनमधील लुंड येथे १९५३ साली इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साह्याने हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद केली. त्यासाठी त्यांनी प्रथम वापरून पाहिलेले यंत्र माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातील होते. धातूतील दोष हुडकणे हे त्याचे मूळ काम. आपल्या शेजारीच हिंदुस्तान एरोनॉटिक्सची वसाहत आहे. विमानाच्या सुट्या भागातील भेग शोधणारे तंत्र आणि आपल्या छातीवर फिरणारे ते उपकरण, ही एकाच कुळातील भावंडे होत.

एकाच हृदयाचे दोन अहवाल

पुष्कळजण विचारतात, ‘गावाकडे ४५ आला, इथे ३८ आला, खोटे कोण?’ बहुधा कोणीच खोटे नसते. पूर्वी एकाच रेषेवर जवनिकेचा व्यास मोजून तिचे आकारमान काढीत. हृदयविकाराच्या झटक्याने स्नायूचा एखादाच भाग निकामी झाला असेल आणि ती रेषा त्या भागातून जात नसेल, तर उत्तर चुकते. म्हणून आता जवनिका दोन वेगळ्या दिशांनी पाहून तिच्या आतील कडा आखतात आणि भाकऱ्यांची चवड रचावी तशा पातळ चकत्यांची बेरीज करून आकारमान काढतात. अनुभवी डॉक्टर नुसत्या नजरेनेही अंदाज देतात. पद्धत बदलली, पाहणारा बदलला, रक्तदाब किंवा नाडीचा वेग बदलला, तर पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने हर्ष वा शोक करू नये.

या आकड्याच्या मर्यादाही आहेत. डावीकडची मिट्रल झडप गळकी असेल, तर काही रक्त उलट दिशेने जाते आणि ईएफ फसवा चांगला दिसतो. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने स्नायू जाड व ताठर झाला असेल, तर आकुंचन ठीक असूनही दम लागतो. स्नायूतंतूंची लांबी किती आखडते हे मोजणारी ‘स्ट्रेन’ तपासणी आता उपलब्ध आहे. कर्करोगावरील काही औषधांचा हृदयावर होणारा परिणाम ती ईएफ घसरण्याआधीच दाखवू शकते.

एक अनुभव

मिरजेकडील एक निवृत्त शिक्षक लेकीकडे येथे आले होते. त्यांच्या अहवालात ईएफ ३५ होता. छातीत महागडे उपकरण बसवावे लागेल, असे त्यांना एके ठिकाणी सांगितले गेले होते. जावई कर्जाच्या अर्जासह माझ्याकडे आले. मी नाडीवर हात ठेवला; ती अनियमित होती आणि मिनिटाला १३०च्या पुढे धावत होती. अशा लयीत एकाच ठोक्यावर मोजणे गैर. निदान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते. शिवाय सतत वेगाने धावणारे हृदय त्या धावण्यानेच थकते. वेग आवरणारी आणि हृदयविकलतेवरील औषधे दिली. तीन महिन्यांनी ईएफ ५० आला. कर्जाचा अर्ज फाडला गेला.

परंतु याचा विपरीत अर्थ काढू नका. योग्य औषधे किमान तीन महिने घेऊनही ईएफ ३५ वा त्याखालीच राहिला, तर अनेक रुग्णांना तेच उपकरण आकस्मिक मृत्यूपासून वाचविते. गुरुजींच्या बाबतीत चूक उपकरणाची नव्हती, घाईची होती.

काय करावयास हवे?

असंसर्गजन्य आजारांसाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. रक्तदाब आणि मधुमेह यांची तपासणी त्यामुळे गावपातळीपर्यंत पोहोचली. त्यापुढची पायरी हृदयाच्या मोजमापाची आहे. सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. पण यंत्र आले तरी ते हाताळणारा प्रशिक्षित हात नसेल, तर आकडा निरर्थक ठरतो. जिल्हा रुग्णालयांत इको तंत्रज्ञांची पदे व प्रशिक्षण हवे. प्रत्येक अहवालावर मोजण्याची पद्धत, नाडीचा वेग आणि रक्तदाब यांची नोंद हवी.

आपल्या हातीही काही आहे. जुने अहवाल फेकू नका. शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने पुन्हा तपासणी करा. ‘ईएफ किती?’ यासोबत ‘तो कसा मोजला, आणि मागच्यापेक्षा किती बदलला?’ हेही विचारा. आणि आकडा सुधारला म्हणून औषधे मनाने बंद करू नका. ती बंद केल्यास हृदय पुन्हा दुबळे होण्याचा धोका असतो.

गुरुजी परवा गावी परतले. जाताना म्हणाले, ‘आयुष्यभर मुलांना पस्तीस गुणांवर पास केले, डॉक्टर. तुम्ही मात्र मला पस्तिसावर थांबू दिले नाही.’ त्यांच्या या वाक्यानेच मी माझे भाषण संपवितो.