पत मिळवून देणारा शेतकरी : पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील



जयलक्ष्मीपुरमच्या रहिवाशांना ऊस परका नाही. म्हैसूरहून बंगळूरच्या वाटेला लागले की मंड्याची हिरवी शिवारे लागतात. कृष्णराजसागराचे पाणी तेथे पोहोचले आणि १९३३ साली म्हैसूर शुगर कंपनी उभी राहिली. त्या उद्योगामागे संस्थानाचे पाठबळ होते. त्याच सुमारास तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून शेतांत खेळू लागले होते. तेथल्या शेतकऱ्याच्या मागे मात्र कोणी उभे नव्हते. त्याच्या मागे उभा राहिला तो त्याच्यातलाच एक, लोणी बुद्रुकचा शेतकरी विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील.

विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झाले. पुढची सारी विद्या त्यांना शेताच्या बांधावर आणि सावकाराच्या ओट्यावर मिळाली. ओट्यावरचा धडा कठोर होता. बी-बियाणे, खत, लग्नकार्य, आजारपण, प्रत्येक निमित्ताने शेतकरी अंगठा उठवी आणि हळूहळू जमिनीवरचा त्याचा हक्क सैल होत जाई. कालव्याचे पाणी आले, तशी उसाची लागवड वाढली. पण उसाला भांडवल लागते, म्हणून कर्जही वाढले. गुळाचे भाव कोसळले की वर्षभराचे कष्ट व्याजात जात. साखरेचे कारखाने खासगी कंपन्यांचे होते आणि त्यांच्याकडे शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडाने गेल्या होत्या.

मराठीत ‘पत’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. उधारी मिळण्याची पात्रता म्हणजे पत, आणि चारचौघांतला मान म्हणजेही पत. विठ्ठलरावांनी हे दोन्ही अर्थ एकत्र जाणले. १९२३ साली त्यांनी लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी सुरू केली. अशा पतपेढीत एकाने कर्ज बुडवले तर त्याची झळ सर्वांना लागते. म्हणून शेजाऱ्याची चूल पेटते की नाही, त्याचे पीक कसे आहे, तो पैसा कोठे खर्च करतो, हे पाहणे सर्वांचेच काम होते. एकमेकांवर विश्वास ठेवण्याची ही सवय पुढे पंचवीस वर्षांनी फळाला आली.

१९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना काढावा, या विचाराने तेथे मूळ धरले. मग विठ्ठलराव गावोगाव हिंडले. कर्जात बुडालेल्या माणसाकडे भागभांडवल मागायचे, तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या कारखान्यासाठी, हे काम सोपे नव्हते. पैसा बुडेल, अशी भीती घराघरांत होती. लोकांनी अखेर पैसे दिले, ते कागदावरच्या योजनेला नव्हे, समोरच्या माणसाच्या शब्दाला. मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठलाल मेहता यांचे साहाय्य लाभले आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या कारखान्यात पहिला ऊस पडला. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना होय.

या कथेतील एक गोष्ट शाळेने विशेष ध्यानात ठेवावी. ज्यांच्या पायपिटीवर कारखाना उभा राहिला, ते विठ्ठलराव अध्यक्षपदावर बसले नाहीत. केंब्रिजमध्ये शिकून आलेल्या गाडगिळांना त्यांनी तेथे बसवले आणि स्वतः उपाध्यक्ष राहिले. हे जवळजवळ दहा वर्षे चालले. चौथी शिकलेल्या माणसाला विद्येचे मोल कळले होते आणि अर्थशास्त्राच्या पंडिताला बांधावरच्या शहाणपणाचे. दोघांपैकी एकालाही दुसऱ्यापुढे लहान वाटले नाही.

१९६१ साली विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. १९६४ मध्ये प्रवरा पब्लिक स्कूल सुरू झाले आणि ज्या मुलुखात चौथीनंतर वाट संपत असे, तेथे मुलांसाठी नवी वाट निघाली. २७ एप्रिल १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे सहकारात सत्तेचे राजकारण शिरले, अनेक कारखाने कर्जात गेले, हेही सांगितले पाहिजे. इमारत आणि यंत्रे वारशाने मिळतात. विश्वास मात्र प्रत्येक पिढीला नव्याने कमवावा लागतो. शाळेलाही हाच नियम लागू आहे. साठ वर्षांपूर्वी ज्या पालकांनी आपली मुले एका नव्या शाळेच्या हाती सोपवली, त्यांनीही पुढे काय होईल हे न पाहताच पत दिली होती. हीरक महोत्सव हा त्या ऋणाच्या स्मरणाचा दिवस आहे.

विठ्ठलरावांचा जन्म नारळी पौर्णिमेचा. महाराष्ट्रात तो दिवस आता शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी प्रत्येक घरात मुलांना एवढेच विचारावे : आज तुझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?