मुलांसाठी जबलपूर परदेशच असतं

मी बोलतेय जबलपूरहून. आमच्या घराण्याला इथे चार पिढ्या झाल्या. 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे इथे येणं म्हणजे कुठे परमुलखात जाणं, असं आमच्या आजोबांना वाटलंच नाही. कोणी कोर्टकचेरीत लागलं, कोणी रेल्वेत, कोणी गन कॅरेज फॅक्टरीत. दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि त्यांना गाव दाखवायचं काम माझ्याकडे असतं. आज सांगायचंय ते लहान मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी. त्यातलं निम्मं मी चुकून शिकलेय.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझी भाची आली. मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा. भाचीनं फोनमध्ये यादीच करून आणली होती. पहिल्याच दिवशी भेडाघाट, चौसष्ट योगिनी, मदनमहालचा किल्ला, संध्याकाळी ग्वारीघाटची आरती आणि मग बाजार! मी म्हटलं, "अगं, भेडाघाटच 20-25 किलोमीटर आहे, शिवाय पोरं रात्रभर गाडीत होती." पण ती चार दिवसांसाठी आलेली, मी तरी किती अडवणार?

भेडाघाटला आधी नाव करावी. पंचवटी घाटावरून नावा सुटतात. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, मधून नर्मदा. इथले नावाडी यमकं जुळवत, विनोद करत माहिती देतात, तीच अर्धी गंमत. मोठे हसत होते. धाकटा मात्र माझ्याकडे पाहून म्हणाला, "आजी, ते काका काय बोलतायत?" मी दोन-तीन वाक्यं मराठीत सांगितली, मग कंटाळले. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

धुवांधारला पाण्याचे तुषार उडतात, खडक ओले असतात आणि संगमरवर ओला झाला की पाय सरकतोच. कठड्याच्या आत राहायचं आणि मुलाचा हात नाही, मनगट धरायचं. हात सुटतो. पलीकडे जायला रोपवे आहे, मुलांना धबधब्यापेक्षा तोच आवडतो. चौसष्ट योगिनींच्या देवळाला मात्र खूप पायऱ्या आहेत. देऊळ दहाव्या शतकातलं, कलचुरींच्या काळचं. गोल आवार, भोवती योगिनींच्या मूर्ती. मोठ्यांनी चुकवू नये असंच. पण त्या दिवशी धाकट्याला कडेवर घेऊन भाची अर्ध्यावरच बसली.

धुवांधारच्या वाटेवर दुतर्फा दगडी वस्तूंची दुकानं आहेत. शिवलिंगं, हत्ती, दिवे, डब्या. एक सांगते, तिथे सगळा माल संगमरवराचा नसतो. बराचसा मऊ दगडाचा, आपल्याकडे शंखजिरं म्हणतात तसा. हाताला साबणासारखा लागतो, पडला की टवका उडतो. स्वस्त असतो, त्यात वाईट काही नाही, फक्त संगमरवराचे पैसे देऊ नका. भाव अर्ध्यावरून सुरू करा. आणि मुलांना आधीच सांगा की प्रत्येकी एकच वस्तू. आमच्या मोठीनं छोटा हत्ती घेतला, त्याला निवडायला वीस मिनिटं घेतली आणि ती वीस मिनिटं मला सगळ्यात शांत गेली.

एवढं सगळं झाल्यावर, दमलेल्या पोरांना घेऊन, आम्ही संध्याकाळी बड्या फुहाऱ्याला गेलो. आरती तेवढी सोडली, बाजार नाही सोडला. कमानिया गेट म्हणजे 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण. तिथून पुढे सराफा, कापड, बांगड्या. गर्दी केवढी! धाकट्याचं मनगट माझ्या हातात होतं. मी पर्समधून पैसे काढायला हात सोडला. मान वर केली तर पोरगा नाही.

दहा-बारा मिनिटं असतील. मला अजून झोपेत ती आठवतात. भाची एकीकडे धावली, मी दुसरीकडे. मोठी रडायला लागली. शेवटी एका बांगडीवाल्याच्या पाटावर तो सापडला. तो माणूस म्हणाला, "माताजी, हमने इसे हिलने नहीं दिया. यहीं खोया है, तो यहीं कोई आएगा." त्यानं विचारलं होतं, मम्मी का नाम क्या? पोरानं उत्तर दिलं, "आई." कहाँ रहते हो? "आजीकडे." बिचाऱ्यानं सगळी खरीच उत्तरं दिली होती. पन्नास वर्षं इथे राहून मी विसरले होते की त्याच्यासाठी हे परदेशच आहे.

भाची माझ्यावर चिडली नाही. रात्री एवढंच म्हणाली, "मावशी, उद्या यादी तू कर." मी यादीत एकच ठिकाण ठेवलं. सकाळी दोघांना आई-बाबांची पूर्ण नावं पाठ करून घेतली, मनगटावर बाहीखाली बॉलपेननं फोन नंबर लिहिला आणि हिंदीतलं एक वाक्य शिकवलं, "मैं खो गया हूँ, फोन लगा दीजिए." हरवलं की चालायचं नाही, तिथेच उभं राहायचं, हे खेळ म्हणून चार वेळा करून घेतलं. नुसतं सांगून मुलं विसरतात.

मग गेलो बॅलन्सिंग रॉकला. 1997 च्या भूकंपातही न पडलेली ती शिळा पाहून धाकटा खूष. त्याला सांगितलं, याच गावात 1828 साली स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला डायनासोरची हाडं सापडली होती. ठगांचा बंदोबस्त केला तोच स्लीमन. मग काय, पोरगा तासभर दगड उलटे करून हाडं शोधत होता.

खरेदीला भाची एकटी गेली, त्या वेळी मी पोरांना जलेबी खाऊ घातली. आमच्याकडची खोव्याची जलेबी, काळपट, जाडजूड, एकच पुरते. मोठीनं विचारलं, "आजी, खोया म्हणजे हरवलेला ना? मग ही जलेबी कुठे हरवली होती?" धाकटा तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "बांगडीवाल्याकडे."

त्या बांगडीवाल्याकडून भाचीनं दोन डझन घेतल्या, भाव न करता.

येणार असाल तर पावसाळ्यात येऊ नका, नावा बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. थंडी असते, मुलांच्या कानटोप्या आणा. इथे मिळतात, पण मग त्यासाठी पुन्हा बाजारात जावं लागेल.