वाड्याचा राखणदार

बारामती-इंदापूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऊस येतो. नीरा डाव्या कालव्याचं पाणी जिथे पोचलं, तिथे तो आहेही. पण शिर्सुफळ, कडबनवाडी अशा गावांभोवती अजून कुसळी गवताचा माळ टिकून आहे. तिथे चिंकारा दिसतो, धनगरांची मेंढरं चरतात आणि लांडगाही राहतो. वन विभागाने या दोन्ही ठिकाणी पर्यटकांसाठी सफारी सुरू केली. पशुवैद्यक म्हणून मी या माळावर बरीच वर्षं हिंडलो. आज बोलायचंय ते धनगराच्या कुत्र्याबद्दल.

हा कुत्रा मेंढरं वळत नाही. परदेशी चित्रपटांत कुत्रा धावून धावून कळप हाकतो. आपल्याकडे ते काम माणूस आणि त्याची शीळ करते. आपला कुत्रा राखणीचा. दिवस मावळला की वाघर लावून त्या जाळीत मेंढरं कोंडतात आणि कुत्री भोवताली आपापली जागा धरतात. काहींच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, कारण लांडगा काय किंवा बिबट्या काय, नरडंच धरतो. धनगर सांगतात, एक लांडगा समोर येऊन कुत्र्यांना लांब पळवतो आणि दुसरा मागून कोकरू उचलतो. मुरलेला कुत्रा मात्र जागा सोडत नाही.

ही जाण शिकवून येत नाही. पिल्लू कोकरांतच वाढतं. पोरांच्या घोंगडीवर झोपतं, त्यांच्याच भाकरीतला तुकडा खातं. एका आजींना मी कुत्र्याचं वय विचारलं, तर म्हणाल्या, “थोरल्या नातीचं जावळ काढलं ना डाक्टर, त्या साली झालाय बघा.” माझ्या नोंदवहीत तसा रकाना नव्हता! जेजुरीचा खंडोबाही कुत्र्याला सोडून नाही. त्याची बाणाई धनगराची लेक, आणि त्याचे वाघे देवापुढे कुत्र्यासारखे भुंकत.

एवढा घरचा असूनही औषधपाण्याच्या वेळी कुत्रा मागे राहतो. मेंढ्यांना आंत्रविषाराची लस आठवणीने टोचतात, कारण मेंढी म्हणजे रोकड. कुत्र्याला कोण टोचणार? दवाखाना गावात आणि वाडा फिरता. दिवाळीनंतर अनेक वाडे कोकणाची वाट धरतात, ते पावसाच्या तोंडाला परततात. लांडग्याने मेंढी मारली तर सरकारी भरपाई मिळते खरी, पण पंचनाम्यासाठी माणूस येईपर्यंत वाडा पुढच्या गावी पोचलेला असतो. लशीचंही तसंच.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की इलाज उरत नाही, कुत्र्यालाही नाही नि माणसालाही नाही. जे पोर रात्री कुत्र्याच्या कुशीत झोपतं, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नव्हे. दुसरा रोग डिस्टेंपर. तो माणसाला होत नाही, पण कुत्र्यांकडून लांडग्या-खोकडांना लागतो. त्यातच आणखी एक भानगड झाली आहे. २०१४ मध्ये पुण्याजवळच्या माळावर वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले. लांडगा आणि कुत्रा यांचा तो संकर असल्याचं जनुकीय तपासणीत ठरलं. ते संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. याचा दोष वाड्यावरच्या कुत्र्यावर टाकू नये, असं माझं मत आहे. गावाबाहेर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर पोसलेल्या मोकाट टोळ्यांकडे आधी पाहावं.

करायचं ते फार अवघड नाही. दिवाळीआधी मेंढ्यांची लस होते, त्याच सकाळी, त्याच वाड्यावर कुत्र्यांनाही टोचावं. तीन महिन्यांवरच्या पिल्लांनासुद्धा. फक्त डॉक्टरांनी एकट्याने पुढे होऊ नये. मला तर ते कधी जमलं नाही. घरातल्या एखाद्या पोराने कुत्र्याची मान कवेत घ्यावी, तोंडाने काहीबाही बोलत राहावं, आणि तेवढ्यात आपण सुई टोचून मोकळं व्हावं.