व्हीपीएनचा राउटर घ्यायचा का?

मागच्या वेळी आपण गटाच्या वह्या मोबाइलवर कशा भरायच्या ते बोललो. त्यानंतर बऱ्याच जणींनी एकच विचारलं, "ताई, घरात वाय-फाय घेतोय, दुकानदार व्हीपीएनवाला राउटर घ्या म्हणतोय, घ्यायचा का?" आम्ही स्वतः याच प्रश्नात दोन महिने अडकलो होतो. आमचं जे झालं ते सांगतो.

आमच्या ग्रामसंघाचं ऑफिस म्हणजे सचिवताईंच्या घरातली पुढची खोली. तिथं फायबरचं कनेक्शन घेतलं. कनेक्शन ताईंच्या नावावर, महिन्याचं बिल ग्रामसंघानं द्यायचं, असा रीतसर ठराव झाला. जोडणारा माणूस आला, भिंतीला डबा लावला, आमच्या मोबाइलवर वाय-फाय चालू करून दिलं आणि गेला. पासवर्ड कुठला? तर डब्याच्या बुडाला स्टिकरवर छापलेला. बैठकीला आलेल्या बायकांच्या पोरांनी त्या स्टिकरचे फोटो काढले. आम्हीच म्हणालो, घेऊ दे, पोरंच आहेत.

चार महिन्यांनी कर्जाचा ऑनलाइन अर्ज भरायला बसलो तर पान उघडेना. सचिवताईंचा मुलगा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. त्यानं राउटरचं पान उघडून दाखवलं. 17 मोबाइल जोडलेले! आमचे त्यात चार. बाकीचे कुणाचे, कुणास ठाऊक. वेग गेला तो गेलाच, पण खरी धडकी वेगळ्याच गोष्टीची भरली. कनेक्शन ताईंच्या नावावर. त्या वाय-फायवरून कुणी काही वावगं केलं तर चौकशी पहिल्यांदा ताईंच्याच दारात येणार.

मग आम्ही तालुक्याला गेलो. दुकानदारानं एक राउटर पुढं ठेवला, सहा हजारांच्या वरचा. वर दरवर्षी व्हीपीएनची वर्गणी वेगळी. "हा घ्या, मग बँकेचे पैसे कुणी काढूच शकत नाही." सहा हजार म्हणजे आमच्या एखाद्या सभासदाचं शिलाई मशीन. आम्ही पैसे न देता परत आलो आणि मुलाला म्हटलं, बाबा, हे व्हीपीएन म्हणजे काय ते आम्हाला समजेल असं सांग.

आता त्यानं सांगितलं ते आमच्या शब्दांत. विहिरीतून रानात पाणी दोन तऱ्हेनं नेता येतं. पाटानं नेलं तर वाटेत कुणालाही दिसतं, कुणी मध्येच फोडूनही घेतो. पाइपनं नेलं तर आत काय चाललंय ते दिसत नाही. व्हीपीएन म्हणजे तसा बंद पाइप. पण हा पाइप थेट तुमच्या रानापर्यंत जात नाही. तो व्हीपीएन कंपनीच्या टाकीपर्यंत जातो आणि टाकीतून पुढं पाणी नेहमीच्या वाटेनं जातं. म्हणजे वाटेवरच्या माणसापासून लपलं, पण टाकीवाल्याला कळतंच की तुम्ही कुठं जाताय. म्हणून फुकटच्या व्हीपीएन ॲपपासून आम्ही लांब राहतो. टाकी बांधायला पैसा लागतो, तो फुकटवाला कुठून काढत असेल याचा विचार करा.

आणखी एक. बँकेचं ॲप किंवा जिच्या पत्त्यात एचटीटीपीएस असतं ती वेबसाइट, यांचा स्वतःचा छोटा पाइप आधीपासून असतोच. तुमचा पिन वाटेवर उघडा पडत नाही. बायकांचे पैसे जातात ते वाटेवर नाही, तोंडानं जातात. शेजारच्या गावातल्या एका ताईंना केवायसी संपली म्हणून फोन आला, त्यांनी ओटीपी सांगितला, खातं रिकामं झालं. घरात कितीही महागडा राउटर असता तरी ते पैसे गेलेच असते. असं कुणाच्या बाबतीत झालं तर त्याच मिनिटाला 1930 या नंबरवर फोन करायचा. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

मग व्हीपीएन कुणालाच नको का? तसंही नाही. आपल्या देशात व्हीपीएन वापरणं गुन्हा नाही. सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं एप्रिल 2022 मध्ये आदेश काढला, त्यात व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी असं आहे. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर हलवले. तेव्हा "कुणाला काही कळतच नाही" असं दुकानदार म्हणाला तर नुसतं हसायचं.

खोक्यावर "व्हीपीएन सपोर्ट" लिहिलेलं असतं, त्यात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. इथंच फसगत होते. पासथ्रू म्हणजे राउटर स्वतः काही करत नाही. लॅपटॉपमधल्या व्हीपीएनला फक्त वाट देतो. हे बहुतेक स्वस्त राउटरमध्येही असतं. ताईंच्या मुलाचं कंपनीचं व्हीपीएन लॅपटॉपवरच चालतं, त्याला एवढंच पुरतं. दुसरं क्लायंट. यात घरातले सगळे मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप राउटरमार्फत त्या पाइपातून जातात. तिसरं सर्व्हर. तुम्ही बाहेरगावी असताना तुमच्या घराच्या नेटमध्ये शिरायला ते लागतं. पण बऱ्याच कनेक्शनना स्वतःचा वेगळा पत्ता मिळत नाही, अनेक घरांत मिळून एकच असतो. तिथं सर्व्हर सहसा चालत नाही. घ्यायच्या आधी नेट कंपनीला विचारा, आम्हाला पब्लिक आयपी मिळेल का, आणि त्याचे जादा पैसे किती.

क्लायंट किंवा सर्व्हर खरंच हवा असेल तर खोक्यावर वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन ही नावं शोधा. नुसतं पीपीटीपी असेल तर ते जुनं आणि कच्चं, सोडून द्या. पाइपातलं सगळं कुलूपबंद करायचं काम राउटरच्या प्रोसेसरला करावं लागतं. स्वस्त राउटर त्यात दमतो आणि नेट हळू होतं. वायरगार्डला ओपनव्हीपीएनपेक्षा कमी दम लागतो. टाकी परदेशातली निवडली तर बँकेचं ॲप कधी कधी अडवतं, हेही लक्षात असू द्या.

बैठकीत आम्ही मोजलं. क्लायंट लागतो कुणाला? कुणालाच नाही. सर्व्हर? नाही. मग सहा हजार वाचले आणि आहे त्याच राउटरला नीट कुलूप लावायचं ठरलं.

ते सोपं आहे, पण आमची एक मोठी चूक ऐका. पासवर्ड बदलण्याच्या नादात आम्ही मागच्या बारीक भोकातलं बटण टाचणीनं दाबून धरलं. राउटर कोरा झाला! नेट कंपनीनं त्यात भरलेलं युजरनेम आणि पासवर्डसुद्धा पुसलं गेलं, आणि ते कुणी लिहून ठेवलंच नव्हतं. माणूस येईपर्यंत तीन दिवस नेट बंद. नेमके हप्ते भरायचे दिवस. एक मावशी बैठकीत म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा आमची वही बरी, तिला टाचणी टोचली तरी पुसत नाही." बरोबरच होतं त्यांचं. म्हणून पहिलं काम, नेट कंपनीकडून आपलं युजरनेम-पासवर्ड मागून वहीत लिहा. आणि राउटरच्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग स्टिकरवर लिहिलेला आकड्यांचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो. आत शिरायचा पासवर्ड बऱ्याचदा ॲडमिन असाच ठेवलेला असतो, तो आधी बदला. हा वेगळा आणि वाय-फायचा वेगळा, दोन्ही एक ठेवू नका. वाय-फायला डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 निवडा. पासवर्ड लांब ठेवा. आम्ही चार घरगुती वस्तूंची नावं आणि मध्ये आकडे असा केला, तो म्हाताऱ्या मावशींच्याही लक्षात राहतो. गावाचं नाव, मोबाइल नंबर, मुलाचं नाव नको. डब्ल्यूपीएस बंद करा, रिमोट मॅनेजमेंट बंद करा. फर्मवेअर अपडेट असेल तर वीज जाणार नाही अशी वेळ बघून करा, मध्येच वीज गेली तर राउटर बिघडू शकतो.

बैठकीच्या दिवशी येणाऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू केलं. त्याचा पासवर्ड आम्ही दर महिन्याला बदलतो. ऑफिसचा कॉम्प्युटर मूळ नेटवर्कवर. त्याचा पासवर्ड कपाटातल्या इतिवृत्ताच्या वहीत, किल्ली अध्यक्षांकडं. पोरं रुसली, पण अभ्यासाला गेस्ट आहेच.

राउटर आमच्याकडं लोखंडी कपाटामागं होता. मुलानं तो काढून खोलीच्या मधोमध, उंच फळीवर ठेवला. लोखंड आणि जाड दगडी भिंत लहरी अडवतात. 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगवान पण भिंतीपलीकडं लवकर ढेपाळतं, 2.4 लांबवर जातं. पडवीत बसून काम करणाऱ्यांनी 2.4 ला जोडावं.

वाचलेल्या पैशांतून राउटरसाठीचा छोटा यूपीएस घेतला. घेताना ॲडॉप्टरवर किती व्होल्ट, किती ॲम्पिअर लिहिलंय ते बघून तसाच घ्यायचा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हीला वीज लागते, हे आम्हाला दुसऱ्या फेरीत कळलं. परवाच्या बैठकीत हप्ते भरताना वीज गेली. पंखा बंद पडला, बायका पदरानं वारा घेत बसल्या, पण फळीवरचे हिरवे दिवे चालू होते आणि शेवटच्या दोघींच्या पावत्या आल्या.