ट्रम्पेट मधेच गप्प का बसतो?

हेडफोन लावलेत ना? आज जरा लांब जायचंय, इटलीत, बोलोन्याला.

जुझेप्पे तोरेल्लीचा ट्रम्पेट आणि तंतुवाद्यांसाठीचा एक सोनाटा मी पहिल्यांदा लोकलमध्ये ऐकला. सुरुवात एकदम दणक्यात. पण पुढच्या संथ भागात ट्रम्पेट गायब! नुसती व्हायोलिन. मला वाटलं, एका कानातला इयरफोन गेला. काढला, पुसला, परत लावला. तेच. मग शेवटचा भाग सुरू झाला आणि पठ्ठ्या पुन्हा हजर.

भानगड अशी, की त्या काळच्या ट्रम्पेटला बटणंच नव्हती. वरातीतल्या बँडच्या ट्रम्पेटला तीन दिसतात ना, ती १८०० नंतरची. तेव्हा म्हणजे सुमारे सात फुटांची गुंडाळलेली नळी आणि वाजवणाऱ्याचे ओठ, बस्स. नळीतून निसर्ग देईल तेवढेच सूर. तानपुऱ्यात स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच निसर्ग. खाली सा, प, वरचा सा, मग ग, प... मधे मोठ्या उड्या. सलग सरगम मिळते ती खूप वर, आणि तिथला मध्यमही शुद्ध आणि तीव्रच्या मधे कुठेतरी लटकलेला! तो ओठांनी ओढून जागेवर आणायचा.

संथ भाग बहुतेकदा दुसऱ्या स्वरपट्टीत जातो. तिथले सूर या नळीत नाहीतच. म्हणून ती जागा व्हायोलिनची. शिवाय ओठांना तेवढीच उसंत.

बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये ४ ऑक्टोबरच्या उत्सवाला हे संगीत घुमायचं. चर्च एवढं प्रचंड, की एक सूर कित्येक सेकंद विरत नाही. पण १६९६ मध्ये पैशांअभावी तिथला वाद्यवृंदच बंद केला. तोरेल्ली जर्मनीत गेला, १७०१ च्या सुमारास परतला.

आणि उसंत किती गरजेची? लाइपझिगचा गॉटफ्रीड राइखं, बाखचा ट्रम्पेटवाला. ५ ऑक्टोबर १७३४ च्या रात्री राजासमोर मशालींच्या धुरात वाजवलं, दुसऱ्या दिवशी रस्त्यात कोसळून गेला. वय ६७. वाजवण्याचा ताण आणि तो धूर, असं तेव्हाच लिहून ठेवलंय.

तर आज रात्री तोरेल्ली लावा. आणि मधल्या भागात इयरफोन पुसत बसू नका. तो दम घेतोय.